खाण तशी माती?

(द्वितीय वर्ष कला)

‘खाण तशी माती’ ही म्हण मी गावच्या मराठी शाळेत शिकले. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा आणि मला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळायचे. म्हणीचा अर्थ खरा की खोटा, हे मात्र कोणी विचारले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला. ती म्हण मला पुन्हा सोडवावी लागली, आणि या वेळी मी साफ नापास झाले. हा लेख म्हणजे त्या नापास झालेल्या पेपरची फेरतपासणी आहे, असे समजावे.

मित्रमैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नाही किंवा समाजशास्त्राची अभ्यासक नाही. तरीही ज्या विषयावर आपल्या घरांत कोणी बोलत नाही, त्यावर लिहायचे धाडस करीत आहे. आईच्या पोटात असतानाच ज्यांच्यापर्यंत दारू, अफू, कोकेन यांसारखे पदार्थ पोहोचले, अशा मुलांना दत्तक घेणे हा तो विषय. ज्यांना हा विषय दूर देशातला वाटेल, त्यांनी थोडा धीर धरावा. मलाही तो दूरचाच वाटत होता.

माझी मावशी नाशिकला राहते. काका अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहेत. लग्नाला बारा वर्षे झाली तरी घरात मूल नाही. नवस झाले, दवाखाने झाले, कर्ज झाले. शेवटी दोघांनी दत्तक घेण्याचे ठरवले. आता हे काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून होते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच. त्यामुळे रेशनकार्डापासून विम्याच्या कागदापर्यंत जे जे इंग्रजीत येते ते माझ्यापुढे येते. दत्तकाचा अर्जही मीच भरला होता. तेव्हा मी दहावीत होते.

साडेतीन वर्षे वाट पाहिल्यावर एका शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला. एक मुलगी सुचवली होती. वय अकरा महिने. सोबत फोटो, मुलीची माहिती आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल. नियम असा की अठ्ठेचाळीस तासांच्या आत ‘हो’ म्हणून मूल राखून ठेवायचे, नाहीतर ते दुसऱ्या कुटुंबाला सुचवले जाते. मावशी आणि काका रात्रीच्या एस. टी.ने आमच्याकडे आले.

फोटोतल्या मुलीने पिवळे झबले घातले होते. डोक्यावर विरळ केसांची छोटी शेंडी बांधली होती आणि एक मूठ घट्ट मिटलेली होती. मावशी कितीतरी वेळ त्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “वाच बाई, काय लिहिलंय त्यात.”

मी वाचू लागले. जन्माच्या वेळी वजन १.९ किलो. आणि त्याखाली एक ओळ : जन्मदात्रीने गरोदरपणात दारू व इतर अमली पदार्थांचे सेवन केल्याची माहिती आहे. ती ओळ मी मोठ्याने वाचली आणि थांबले. घरात कोणी बोलेना. आजी तेवढी पुटपुटली, “खाण तशी माती, बाई.”

त्या रात्री मी माझ्या मोबाइलवर शोधत बसले. इंग्रजीत शब्द टाकले आणि लेखांमागून लेख निघाले. अमेरिकेतली व्यसनी मातांची मुले. थरथरणारी अर्भके. बुद्धीने कायमची अधू राहणारी, कोणाला जीव न लावणारी, पुढे गुन्हेगार होणारी एक अख्खी पिढी. मी घाबरले. शनिवारी काका एका डॉक्टरांकडे जाऊन आले. ते एवढेच म्हणाले, “धोका आहे, तुमचं तुम्ही ठरवा.” रविवारी सकाळी मावशीने मला विचारले, “तुला काय वाटतं?” मी म्हणाले, “मावशी, पुढे फार त्रास होईल. अशी मुलं...”

‘अशी मुलं.’ हे दोन शब्द माझ्या तोंडून गेले. पुढचे वाक्य मी पुरेही केले नाही. करायची गरज उरली नव्हती.

रविवारी संध्याकाळी मुदत संपली. मावशीने बरोबर आणलेली बाळाची गोधडी पुन्हा घडी करून पिशवीत घातली आणि दोघे नाशिकला परत गेले. महिन्याभराने फोनवर इकडचे तिकडचे बोलता बोलता ती मध्येच म्हणाली, “ती कुठं गेली असंल गं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हे सगळे मी आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमना सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. एकच प्रश्न विचारला : “तू वाचलेले लेख कोणत्या साली लिहिलेले होते?” मी पाहिलेच नव्हते. इतिहासाच्या तासाला आम्ही शिकतो की कागद हाती आला तर आधी त्याचा काळ पाहावा. आणि मी एका लहान मुलीचे भवितव्य ठरवताना कागदाचा काळ पाहिला नव्हता! पुन्हा शोधले. बहुतेक लेख १९८५ ते १९९२ या काळातले किंवा त्यांच्याच आधाराने लिहिलेले होते.

तेव्हा अमेरिकेत काय घडले होते, ते थोडक्यात सांगते. ‘क्रॅक’ नावाचे, ओढायचे स्वस्त कोकेन तिथल्या गरीब वस्त्यांत पसरले होते. १९८५ साली आयरा चास्नॉफ या डॉक्टरांचा एक अभ्यास तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कोकेन घेणाऱ्या अवघ्या २३ गर्भवती होत्या. इतक्या लहान अभ्यासावरून निघालेले निष्कर्ष प्राथमिकच असणार. पण वर्तमानपत्रे आणि दूरदर्शनच्या वाहिन्या थांबल्या नाहीत. ‘क्रॅक बेबी’ हा शब्द घरोघर पोहोचला. शाळांमध्ये ही मुले येण्याआधीच त्यांची भीती येऊन बसली.

फिलाडेल्फिया शहरात हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र घाई केली नाही. १९८९ ते १९९२ या काळात जन्मलेली २२४ बाळे त्यांनी अभ्यासासाठी घेतली. सुमारे निम्म्यांचा पोटात असताना कोकेनशी संबंध आलेला, उरलेल्यांचा नाही. मात्र दोन्हीकडची कुटुंबे सारखीच गरीब. मग वीस वर्षांहून अधिक काळ त्या या मुलांचा मागोवा घेत राहिल्या. चौथ्या वर्षी बुद्ध्यंक पाहिला तेव्हा कोकेनच्या गटाची सरासरी ७९ आली. हे वाचून कोणीही म्हणेल, बघा, खाण तशी माती! पण दुसऱ्या गटाची सरासरी ८१.९ होती. म्हणजे दोन्ही गट मागेच होते आणि त्यांच्यातला फरक नगण्य होता. मग त्यांना मागे खेचणारी गोष्ट कोणती? बाईंनी मुलांच्या आयुष्यात डोकावून पाहिले. सात वर्षांची होईपर्यंत त्यांतल्या ८१ टक्के मुलांनी कोणाला तरी अटक होताना पाहिले होते, ७४ टक्के मुलांनी गोळीबाराचे आवाज ऐकले होते, ३५ टक्के मुलांनी माणसाला गोळी लागताना पाहिली होती. २०१३ साली या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष लोकांपुढे आले तेव्हा हर्ट बाईंनी सांगितले की कोकेनपेक्षा गरिबीचा परिणाम मोठा आहे. त्याआधी २००४ साली डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रांना जाहीर पत्र लिहून ‘क्रॅक बेबी’ हा शब्द वापरणे थांबवा, या शब्दाला शास्त्राचा आधार नाही, असे बजावले होते.

म्हणजे मी मावशीला जे सांगितले ते माझ्या जन्माआधीच खोटे ठरू लागले होते.

पण आता मी उलट टोकाला जाऊन ‘काहीच होत नाही हो, प्रेम द्या म्हणजे झाले’ असे म्हणाले, तर ती माझी दुसरी चूक होईल. कोकेनच्याच बाबतीत इतर काही अभ्यासांत मुलांच्या लक्ष देण्यात आणि वागण्यात बारीक फरक आढळले आहेत. अफूच्या जातीचे पदार्थ, म्हणजे हेरॉईन वगैरे, आई घेत असेल तर जन्मानंतर बाळाला ते मिळायचे एकदम बंद होतात आणि त्याचे हाल होतात. ते थरथरते, कर्कश रडते, दूध नीट पीत नाही, झोपत नाही. यावर उपचार आहेत. अंधुक उजेडाची शांत खोली, दुपट्यात गुंडाळणे, सतत कुशीत घेणे आणि गरज पडली तर कमी कमी करत नेलेले औषध. काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाळ सावरते. आणि सर्वांत मोठे नुकसान करणारा पदार्थ कोणता, ते वाचून मी चकित झाले. तो म्हणजे दुकानात उजळ माथ्याने विकली जाणारी दारू! १९७३ साली केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या अमेरिकन डॉक्टरांनी गर्भावर होणाऱ्या दारूच्या परिणामांचे नीट वर्णन करून त्या अवस्थेला नाव दिले. मेंदूला झालेली ती इजा आयुष्यभर राहते. पोटात दारू पोहोचलेल्या प्रत्येक मुलाला ती होतेच असे नाही. पण ज्याला होते त्याला ती जडच जाते.

मग अशा मुलाला वाढवणाऱ्याच्या मनाचे काय होत असेल? मी मावशीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, आणि जे त्यातून गेले त्यांच्याविषयी वाचले.

मायकेल डॉरिस या अमेरिकन लेखकाने १९७१ साली अविवाहित असताना तीन वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. पुस्तकात त्याने त्याला ॲडम म्हटले आहे. मुलाची आई अतोनात दारू पिणारी होती. डॉरिसला वाटले, चांगले अन्न, चांगली शाळा, भरपूर माया मिळाली की मूल भरून निघेल. वर्षे गेली. मुलाला झटके यायचे. पैसे मोजणे, घड्याळ पाहणे जमायचे नाही. शिकवलेले दुसऱ्या दिवशी पुसले जायचे. बाप पुन्हा शिकवायचा. कितीतरी वर्षांनी एका उपचारकेंद्रात त्याने आपल्या मुलासारख्याच चेहऱ्यामोहऱ्याची दुसरी मुले पाहिली, तेव्हा कुठे त्याला कारण उमगले. १९८९ साली त्याने ‘द ब्रोकन कॉर्ड’ या पुस्तकात हे सगळे लिहिले. ॲडम १९९१ साली मोटारीच्या धडकेत वारला. पुढे त्या घराच्या वाट्याला आणखीही दुःखे आली; तो आजचा विषय नाही.

या कहाणीत मला दत्तक आईबापांच्या मनातले सगळे पदर दिसतात. आधी आशा, मग ‘माझंच कुठंतरी चुकतंय’ ही टोचणी. मग कारण कळल्यावर एक विचित्र सुटका, आणि त्या सुटकेबरोबरच आशा संपल्याचे दुःख. आणि या सगळ्याखाली धुमसणारा, जन्म देणारीवरचा राग. ‘तू केलेस, आणि मी निस्तरते आहे.’ हा राग खरा आहे. तो वाटला म्हणून कोणी वाईट ठरत नाही. पण त्या रागात एक धोका आहे. मूल दोन आयांचे असते. एकीवर रोज दगड मारला तर तो मुलालाही लागतोच.

दुसरी गोष्ट संशयाची. सगळीच मुले हट्ट करतात, खोटे बोलतात, अभ्यास टाळतात. आमच्या गल्लीतल्या पोराने पाटी फोडली तर आई धपाटा घालते आणि विसरते. पण ज्या आईच्या कपाटात तो अहवाल आहे, तिला प्रत्येक हट्टात ती ओळ दिसणार. ‘हे वयाचं आहे की त्याचं?’ हा प्रश्न तिची पाठ सोडत नाही. मला वाटते, या दत्तकातली सर्वांत अवघड गोष्ट मुलाचा आजार नव्हे, ही न संपणारी शंका आहे. आणि बाहेरचे लोक, माझ्यासारखे चार बुके शिकलेले लोक, ती शंका दर वेळी नव्याने पेटवून देतात.

तरीही माणसे हे करतात. आणि करून पस्तावतात असेही नाही. कॅलिफोर्नियात रिचर्ड बार्थ आणि बार्बरा नीडेल यांनी दत्तक घेऊन चार वर्षे झालेल्या कुटुंबांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. जन्माआधी अमली पदार्थांशी संबंध आलेली मुले आणि तसा संबंध न आलेली मुले, अशा दोन्ही प्रकारच्या घरांतल्या आईबापांचे समाधान जवळजवळ सारखेच होते. अडचणी नव्हत्या असे नाही. पण मूल आणि आईबाप यांच्यातला जिव्हाळा त्या अडचणींवर ठरत नव्हता. दारूच्या बाबतीतही ॲन स्ट्राइसगुथ या संशोधक बाईंनी १९९६ साली दाखवून दिले की सहा वर्षांच्या आत निदान झाले आणि स्थिर, मायेचे घर मिळाले, तर या मुलांच्या पुढच्या आयुष्यातली अनेक संकटे टळतात. म्हणजे माया इजा पुसत नाही. पण त्या इजेवर आणखी घाव बसू देत नाही. आणि मायेइतकेच खरे ज्ञानही लागते. डॉरिसजवळ माया होती. कारण कळायला मात्र फार उशीर झाला.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत क्लारा हेल नावाची एक विधवा कृष्णवर्णीय बाई होती. आयुष्यभर स्वतःची आणि दुसऱ्यांची मुले सांभाळून ती थकली होती. १९६९ साली, साठी उलटल्यावर, तिच्या लेकीने हेरॉईनच्या नशेत असलेली एक तरुणी आणि तिचे बाळ तिच्याकडे पाठवले. सहा महिन्यांत तिच्या घरात अशी बावीस बाळे झाली. ती त्यांना कुशीत घेऊन रात्र रात्र येरझाऱ्या घालायची. लोक तिला ‘मदर हेल’ म्हणत. मला तिची सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट ही की बाळे सांभाळताना तिचा उद्देश असायचा, त्यांच्या आया व्यसनातून सुटाव्यात आणि बाळे त्यांच्याकडे परत जावीत. तिने बाळ वाचवण्यासाठी आईला राक्षसीण ठरवले नाही.

आपण मात्र ते चटकन ठरवतो. चार्ल्सटन शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात १९८९ पासून गर्भवतींची लघवी त्यांना न सांगता तपासून पोलिसांना कळवले जाई. ३० बायकांना अटक झाली; त्यांतल्या २९ कृष्णवर्णीय होत्या. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून केलेली अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली. हे मी घरी आईला सांगत होते. आई विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. हात न थांबवता ती म्हणाली, “मग मलाही धरून न्यायला पाहिजे होतं. तुझ्या वेळेला मी मिश्री लावतच होते की. दिवसातून चार वेळा. उलट्या थांबायच्या म्हणून जास्तच.”

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून दळलेला तंबाखू. कोणी मशेरी म्हणतात. आमच्याकडे सासू सुनेला मिश्रीची डबी देते, आणि कोणी त्याला नशा म्हणत नाही. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १२१७ गर्भवतींचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. असा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि ती दिवसही आधी जन्मली. म्हणजे मित्रहो, जन्माआधी अमली पदार्थाशी संबंध आलेले मूल कुठे हार्लेममध्ये शोधायला नको. ते द्वितीय वर्ष कलाच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते आणि वार्षिक अंकात लेख लिहिते!

माझा अहवाल कोणी लिहिला असता तर त्यात काय आले असते? ‘आई तंबाखूचे सेवन करते. वडील अशिक्षित. घरात व्यसन.’ एवढ्या तीन ओळींवर अठ्ठेचाळीस तासांत मला कोणी निवडले असते का? मी बहुधा नाकारली गेले असते. आणि मला नाकारणारी कोणीतरी माझ्याचसारखी, थोडे इंग्रजी येणारी, घाबरलेली पोरगी असती.

माझ्या आईला मी दोष देत नाही. उपाशीपोटी काम करताना मिश्रीने भूक मरते, हे ती लहानपणीच शिकली. मग त्या पिवळ्या झबल्यातल्या मुलीच्या आईविषयी मला काय ठाऊक आहे? ती कोणत्या भुकेसाठी पीत होती? ते अहवालात नव्हते.

जन्मदात्रीवरून बाळाची किंमत ठरवू नये, हे या महाराष्ट्राला कोणी अमेरिकेहून येऊन शिकवायला नको होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. त्या काळच्या लोकांच्या दृष्टीने याहून कलंकित खाण कोणती असणार? तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाईंचा अंत झाला. तिथली गोष्ट पदार्थांची नव्हती, कलंकाची होती, हे मला कळते. पण समाजाने वापरलेली म्हण तीच होती. आपण फुल्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि घरी आल्यावर आजीच्या म्हणीला मान डोलावतो.

तर मग माझे म्हणणे काय आहे? कोणीही नकार देऊ नये, असे मी म्हणत नाही. ज्याला झेपणार नाही त्याने ‘नाही’ म्हणावे. मुलाला अर्ध्या मनाचे घर मिळण्यापेक्षा ते बरे. पण तो नकार माहितीतून यावा, भीतीतून नव्हे. त्यासाठी त्या अठ्ठेचाळीस तासांत आईबापांना आपल्या भाषेत समजावून सांगणारा जाणकार माणूस मिळाला पाहिजे. ‘सेवन केल्याची माहिती’ या तीन शब्दांचा अर्थ काय, कोणता पदार्थ, त्याने काय होऊ शकते, काय होत नाही, पुढे काय पाहत राहायचे, हे सांगणारा. घराघरांतल्या शिकाऊ मुलींवर ते ओझे टाकू नये.

दुसरे, मूल घरी आल्यावर त्या आईबापांना एकटे सोडू नये. त्यांना थकायची, चिडायची, रडायची मुभा असावी. ‘स्वतःहून घेतलंत ना?’ हे वाक्य आपण त्यांना ऐकवू नये. तसेच ‘केवढं पुण्य केलंत!’ हेही ऐकवू नये. पुण्याच्या गोष्टी ऐकत वाढणाऱ्या मुलाला आपण उपकारावर जगतो असे वाटत राहते.

तिसरे, मुलाचा पूर्वेतिहास हा मुलाचा आहे. तो डॉक्टरांना सांगावा, मूल मोठे होईल तसा त्यालाही खरेपणाने सांगावा. शेजाऱ्यांना तो माहीत असण्याचे कारण नाही. आणि उद्या आपल्यातले कितीतरी जण शिक्षक होणार आहेत. वर्गात एखादे मूल मागे पडले तर त्याच्या आईच्या खाणीकडे बोट दाखवण्याआधी, त्याने सकाळी काही खाल्ले आहे का, हे विचारावे.

या दिवाळीत मी मावशीकडे गेले होते. हे सगळे तिला मराठीत वाचून दाखवले. आणि शेवटी, जे वर्षभर सांगायचे टाळत होते, तेही सांगितले. त्या अहवालात त्या एका ओळीखाली आणखी आठ ओळी होत्या. मूल आधाराशिवाय बसते. रांगते. नावाने हाक मारली की वळून पाहते. अनोळखी माणसाकडे जायला रडते, सांभाळणाऱ्या बाईकडे गेली की शांत होते. वजन आता वयाला साजेसे आहे. लसी पूर्ण आहेत. दृष्टी व श्रवण ठीक. वयानुसार वाढ योग्य. त्या आठ ओळी मी त्या रात्री एकट्याने वाचल्या होत्या, मोठ्याने वाचल्या नव्हत्या. मला वाटले होते, त्यात काय विशेष!

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. काका उठून बाहेर गेले. मला वाटले, ती आता रागावेल. रागवायलाच हवे होते. पण ती करंज्यांचा डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “तू लहान होतीस गं. ठरवलं आम्हीच.” आणि थोड्या वेळाने म्हणाली, “पुढच्या खेपेला सगळं वाच. खालचं पण.”

त्यांचे नाव अजून यादीत आहे. दर रविवारी मी संकेतस्थळ उघडून पाहते.